पाय काढला तरी रेस उतरत नाही : जुनी डिझेल पिकअप, गगनबावडा मार्गे माल

फडकरी
राम राम मंडळी. २००८ ची डिझेल पिकअप आहे. चार सिलिंडर, टर्बो, इंजिनात डिझेल सोडणारा पंप मेकॅनिकल. इंजिन चावीनं बंद होत नाही, डॅशबोर्डखालची स्टॉप केबल ओढावी लागते. गाडी कोल्हापुरातून गुळाचे रवे घेऊन आठवड्यातून दोनदा वैभववाडीला जाते.

गेल्या पंधरवड्यात तीन वेळा एक्सलेटरवरून पाय काढला तरी रेस चार-पाच सेकंद वरच राहिली, मग आपोआप उतरली. सकाळी थंड इंजिनला कधीच नाही. कळे गाव सोडून चढ लागला, इंजिन तापलं, की होतं. पेडल वर येतं, पण पायाला नेहमीपेक्षा हलकं लागतं. अजून एक, ऑइलची काडी काढली तर पातळी वरच्या खुणेच्या बोटभर वर दिसते आणि मध्ये वरून थेंबही ओतलेला नाही. मेस्त्री म्हणतात केबल बदला, ड्रायव्हर म्हणतो पंप उघडा. आधी काय बघायचं? तोवर गाडी घाटात पाठवू का?

पाना_बारा_तेरा
घाटात अजिबात नको. रिकामी, गावातल्या गावातसुद्धा पेडलखालची मॅट काढून चालवा.

"पेडल वर येतं पण हलकं लागतं" हीच खरी खूण आहे. पेडलला स्वतःची स्प्रिंग असते, तिनं ते वर येतं. केबलची तार मात्र पंपाच्या लिव्हरची रिटर्न स्प्रिंग मागं ओढत असते. तार कव्हरमध्ये अडकली की पेडल वर, लिव्हर अजून रेसवर आणि मधली तार सैल. म्हणून पेडलकडं बघून काही कळत नाही, लिव्हरकडं बघा.

गाडी चालवून आणा, इंजिन तापलेलं असतानाच बंद करा आणि बॉनेट उघडा. एकानं पेडल तळाला दाबून झटकन सोडायचं, दुसऱ्यानं लिव्हर बघायचा. तो आयडलिंगच्या स्क्रूवर "टक्" करून आपटला पाहिजे. रेंगाळला तर केबलचं टोक लिव्हरवरून काढा आणि लिव्हर बोटानं ओढून सोडा. आता चटकन परत येत असेल तर दोष केबलचा. तरीही आळसानं येत असेल तर लिव्हरची स्प्रिंग किंवा पंपाचा लिव्हर शाफ्ट.

केबल दोन्हीकडून सोडवून सरळ लोंबती धरा. आतली तार स्वतःच्या वजनानं घसरली पाहिजे. फक्त तापल्यावर अडकते म्हणजे बहुतेक वेळा केबल एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळून (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा, फार तापणारा भाग) गेलेली असते. कव्हर वितळून आतलं प्लास्टिकचं अस्तर तारेला धरतं, थंड झालं की सोडतं. कव्हरवर चकाकी किंवा चपटेपणा दिसला की तीच जागा. अशी केबल तेल-ग्रीस घालून सुधारत नाही, उलट ग्रीसला धूळ चिकटून आत खळ होते. नवीनच टाका, आणि जुन्या वाटेनं नाही : मॅनिफोल्डपासून चार बोटं लांब, क्लिप लावून, कुठंही तीव्र वळण न देता. बसवल्यावर पाय काढलेला असताना तारेला दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवा.

लिव्हरची स्प्रिंगही सोबतच बदला. तिच्या आकड्याची आतली बाजू घासून अर्धी होते आणि एक दिवस तुटते. पण जादा कडक स्प्रिंग शोधून लावू नका, पुढं तीच केबल तोडते.

इंजिन माउंटिंगही बघा. रबर फाटलेलं असेल तर चढाला इंजिन एका अंगाला झुकतं आणि केबल ताणून स्वतःच रेस देतं. हँडब्रेक ओढून, चाकांना उटी (दगड) लावून, गाडीपुढं कुणालाही उभं न करता पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडा. बाजूला उभ्या माणसाला इंजिन किती उचललं जातं ते दिसतं.

मॅटचं सांगितलं ते हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेत २००९-१० मध्ये टोयोटानं लाखो गाड्या परत बोलावल्या, त्यात टॅकोमा आणि टुंड्रा या पिकअपही होत्या. त्यात पेडल अडकवणारी मॅट हे मोठं कारण होतं.

नोझल_रॅक
वरचं सगळं बरोबर. पण मला काळजी काडीची वाटते. ओतलं नाही तरी ऑइल वाढलं म्हणजे त्यात डिझेल किंवा पाणी उतरतंय. वास घ्या, मग वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक थेंब सोडून तासाभरानं बघा. काळ्या ठिपक्याभोवती फिकट तेलकट कडं लांब पसरलं तर डिझेल. ते बहुधा फीड पंपातून (टाकीतलं डिझेल मोठ्या पंपाला पोचवणारा छोटा पंप) किंवा मोठ्या डिझेल पंपाच्या शाफ्टच्या सीलमधून येतं. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी, मग हेड गॅस्केटकडं बघा.

यात धोका काय? पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर गेली की क्रँक ते ऑइल घुसळतो, त्याचा धूर ब्रीदर (वाफ बाहेर सोडणाऱ्या) पाइपमधून इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या वाटेत, जातो आणि डिझेल इंजिन तेच इंधन म्हणून जाळतं. पातळ झालेलं ऑइल तर आणखी सहज. तेव्हा तुमची केबल, लिव्हर, पंप सगळं जागेवर असतं आणि इंजिन तरी बेफाम पळत सुटतं. स्टॉप केबल ओढूनही थांबत नाही, कारण ती फक्त पंपाचं डिझेल तोडते. तुमची रेस चार-पाच सेकंदांत उतरते म्हणजे अजून ती पायरी आलेली नाही. पण पायरी जवळ आहे.

टर्बो ते इंटरकूलरचा (टर्बोची हवा गार करणारी जाळी) पाइप काढा. आत बोटाला ओलसर लागणं चालतं, ऑइल साचलेलं चालत नाही. साचलं असेल तर टर्बोचा शाफ्ट आत-बाहेर हलवून बघा, त्या दिशेनं जाणवण्याइतका खेळ नको. पाती घराला घासल्याच्या खुणाही नकोत. टर्बोचा ऑइल परतीचा पाइप चोंदला असेल तरी सील ऑइल सोडतं, तेव्हा टर्बो बदलण्याआधी तो पाइप. आणि टर्बोचं काम झालं की इंटरकूलर उतरवून, धुऊन, पूर्ण वाळवूनच लावा. त्याच्या तळाशी राहिलेलं ऑइल नव्या टर्बोवरही इंजिन पळवतं. इथं फार जण चुकतात.

पंप उघडायची घाई नको. लिव्हर आयडलिंगला टेकलेला, ऑइल खुणेत, पाइप कोरडा आणि तरी रेस वर, असं असेल तरच दोष पंपाच्या आतल्या रॅकचा किंवा गव्हर्नरचा (डिझेल कमी-जास्त करणारे भाग). टाकीतल्या पाण्यानं रॅक गंजून अडतो. मग पंप उतरवून कोल्हापूरच्या उद्यमनगरात टेस्ट बेंच (पंप तपासायचं यंत्र) असलेल्याकडंच द्या, गाडीवर बसल्या जागी स्क्रू फिरवू देऊ नका.

करूळ_उतार
चालत्या गाडीत काय करायचं ते ड्रायव्हरला आजच सांगून ठेवा.

सपाटीला रेस अडकली तर क्लच दाबा, गिअर न्यूट्रल, ब्रेक एकदाच आणि घट्ट, मग स्टॉप केबल. इंजिन ओरडेल, ओरडू दे. ब्रेक पंप करायचा नाही. इंजिन बंद पडलं की सर्व्होतला (ब्रेक हलका करणारा) व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि मग पेडल दगडासारखं होतं.

घाटाच्या उताराला मात्र क्लच दाबून न्यूट्रल करणं म्हणजे भरलेली गाडी मोकळी सोडणं. तिथं गिअर तसाच ठेवा आणि स्टॉप केबल ओढून धरा. डिझेल तुटलं की तेच इंजिन गाडीला मागं धरतं. चाकांनी इंजिन फिरत राहतं, त्यामुळं व्हॅक्यूम पंप चालू, पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही चालू. चावीला हात लावायचा नाही, काढली तर स्टिअरिंग लॉक होईल.

स्टॉप केबल ओढूनही इंजिन चाललं आणि निळा-पांढरा धूर सुटला तर ते ऑइलवर पळतंय. गाडी ब्रेकवर उभी करा, टॉप गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडा, इंजिन गुदमरून बंद पडतं. नाहीच पडलं तर सगळे खाली उतरून लांब. इनटेकच्या तोंडावर हात किंवा फडकं कधीच नाही, फडकं आत ओढलं जातं. जवळ जाणं शक्य असेल तरच जाड सपाट फळी.

फडकरी
बघितलं. तापल्यावर लिव्हर खरंच रेंगाळतो, टोक काढलं की लगेच परत येतो. मॅनिफोल्डजवळ वीतभर कव्हर चपटं झालंय. ऑइलला डिझेलचा वास आहे आणि कागदावर कडं आलं. टर्बोचा पाइप जवळजवळ कोरडा. आता केबल टाकून ऑइल बदललं तर पुरे का?

नोझल_रॅक
नुसतं ऑइल बदलून नाही, डिझेल पुन्हा उतरेल. आधी फीड पंप काढा, तो स्वस्त आणि सोपा. पंपाच्या शाफ्टचं सील त्यानंतर. गळती बंद झाली की ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, काडीच्या दोन खुणांच्या मध्ये भरा. डिझेल मिसळलेल्या ऑइलवर चाललंय, म्हणून ऑइल प्रेशरही मोजून घ्या, बेअरिंगचं कळेल. मग आठ दिवस रोज सकाळी, गाडी सपाट जागी, सुरू करण्याआधी काडी बघून पातळी लिहून ठेवा. ती एक रेघही चढली नाही तरच रवे भरा.

पाना_बारा_तेरा
आणि स्टॉप केबलही तपासा. ती एक्सलेटर केबलच्या शेजारूनच जाते, तिचं कव्हरही त्याच जागी चपटं झालेलं असू शकतं.