विषय: विंगच्या शूटिंगसाठी उंच ट्रायपॉड, शुक्रवार, तातडीचं

सनीवेलकर, मंगळवार, रात्री ९:४०

मंडळी,
मंडळाचा उंच ट्रायपॉड (काळ्या पिशवीतला, दिवाळीत ज्याची एक कडी निघाली होती तो) सध्या कोणाकडे आहे? शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला हवाय, शनिवारी सकाळी परत आणून देतो. विंगचं शूटिंग करायचं आहे, सलग, मधे न थांबवता. मागच्या वेळी मी हातात फोन धरून केलं होतं. ते ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको.

फ्रीमाँटकर (नाट्यविभाग), मंगळवार, रात्री १०:०५

विंगचं शूटिंग कशासाठी? प्रयोगाचं चित्रीकरण प्रेक्षागृहाच्या मागून होईल, विंगेतून नाही, हे गेल्या वर्षीच ठरलं आहे. विंगेत कोणी कॅमेरा घेऊन उभं राहिलं की आपले नट तिकडेच बघून बोलतात. शिवाय तो ट्रायपॉड नाट्यविभागाचा आहे, मंडळाचा नाही. शनिवारी संक्रांतीला एकांकिका, शुक्रवारी रंगीत तालीम. मिळणार नाही.

सनीवेलकर, मंगळवार, रात्री १०:२०

अहो काका, नाटकाची विंग नव्हे! बास्केटबॉलची, म्हणजे बास्केटपासून लांब, कोर्टाच्या कडेने खेळणारा. आमचा थोरला.

थोडक्यात सांगतो. एका डिव्हिजन थ्री (कॉलेजच्या खेळातली तिसरी पातळी, वन सगळ्यांत वरची) कॉलेजच्या कोचचं उत्तर आलंय. 'हायलाइट्स नकोत, दोन पूर्ण सामने पाठवा, शक्यतो मुलगा विंगला खेळताना.' गोची इथेच आहे. पोरगं सहा फूट पाच इंच. शाळेच्या संघात सगळ्यांत उंच, म्हणून दोन वर्षं त्याला सेंटरला, बास्केटकडे पाठ करून उभा ठेवला. कॉलेजात सहा-पाचचा सेंटर कोण घेतो? तिथे तो विंगच. पण विंगला खेळतानाचं एक मिनिटही माझ्याकडे नाही. आता सहा-नऊचा एक मुलगा दुखापतीतून परत आलाय, तो शुक्रवारी पहिल्यांदा सेंटरला खेळेल आणि आमचा बाहेर येईल. म्हणून शुक्रवारच.

सॅन रामोनकर (खजिनदार), बुधवार, सकाळी ७:१५

रेकॉर्डसाठी: ट्रायपॉडची पावती मंडळाच्या खात्यावर आहे. नाट्यविभागाने फक्त मागणी केली होती. सभासदाला वस्तू नेता येते, वीस डॉलर अनामत.
जाता जाता, तिळगुळाचे पैसे अजून अकरा कुटुंबांकडून यायचे आहेत.

डब्लिनकर, बुधवार, सकाळी ८:५०

काका, मी डिव्हिजन थ्रीमध्ये चार वर्षं खेळले आहे, म्हणून ट्रायपॉड मिळायच्या आधीच लिहिते.

कोर्टाच्या मध्यरेषेवर, गॅलरीच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर उभे राहा. दहाही खेळाडू फ्रेममध्ये राहू देत. झूम करून फक्त आपल्या मुलाला पकडू नका, आणि बॉलच्या मागेही पळू नका. बॉल हातात नसताना मुलगा काय करतो हेच कोचला बघायचं असतं. शाळेच्या भिंतीवरचे आपोआप वळणारे कॅमेरे बॉलबरोबर फिरतात, त्यामुळे नेमकं तेवढंच बाहेर राहतं.

विंगकडून काय हवं असतं? पास हातात येण्याआधी पाय तयार आहेत का. समोरचा शूटर मोकळा सुटला की त्याच्यावर धावून जाताना शेवटची दोन पावलं आखूड पडतात का, की झोकात त्याच्या पुढे निघून जातो. दुसऱ्या बाजूला बॉल असताना तो आपल्या माणसाला चिकटून उभा आहे की एक पाऊल आत सरकलाय. आणि चूक झाल्यावर पुढची तीन सेकंदं. बॉल गमावून हात वर करून रेफ्रीकडे बघत राहिला की संपलं. माझ्या कोचने मला नंतर सांगितलं होतं, त्यांनी मला घ्यायचं ठरवलं ते एका हरलेल्या सामन्यात. मी बेंचवर होते आणि बाहेर आलेल्या मुलीला पाण्याची बाटली पुढे केली होती. बास्केट किती मारले ते त्यांच्या लक्षातही नव्हतं.

आणि प्लीज, आवाज बंद करून रेकॉर्ड करा.

सनीवेलकर, बुधवार, सकाळी ९:०५

आवाजाचं कळलं. मागच्या व्हिडिओत दुसऱ्या क्वार्टरपासून 'अरे दे ना त्याला! दे!' असा माझाच आवाज आहे. हिने ऐकून सांगितलं की कोचला मराठी येत नसलं तरी अर्थ कळेल.

मिलपिटासकर, बुधवार, दुपारी १२:३०

वरील चर्चेत मूळ मुद्दा राहतोय. पोराची उंची सहा-पाच म्हणता, ती बुटासकट की बुटाशिवाय? प्रोग्रॅममध्ये लिहिलेली उंची आणि भिंतीला टेकून मोजलेली उंची यांत इंच-दीड इंचाचा फरक हमखास निघतो. त्याहीपेक्षा हात मोजा. दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत. एनबीएत नाव काढलेला विंग क्वाय लेनर्ड आपल्याच कॅलिफोर्नियातला, रिव्हरसाइडचा. २००९ मध्ये राज्यातला सर्वोत्तम शाळकरी खेळाडू ठरला, तरी मोठ्या कॉलेजांची रांग लागली नाही, सॅन डिएगो स्टेटला गेला. त्याचे हात पसरले की सात फूट तीन इंच भरतात. समोरच्याला वाटतं आपण मोकळे आहोत, तोवर हात आलेला असतो.

दुसरं, शूटिंग. (नाट्यविभागाचं नव्हे.) शाळेतली तीन गुणांची रेषा १९ फूट ९ इंचांवर. कॉलेजातल्या पुरुषांची २०१९ पासून २२ फूट पावणेदोन इंचांवर, म्हणजे ६.७५ मीटर. आंतरराष्ट्रीय रेषा तीच. भारतात आम्ही ६.२५ वर खेळलो, ती २०१० मध्ये मागे सरकली. शाळेच्या रेषेवर बोटं टेकवून मारलेले तीन गुण बघून कोच हुरळत नाही. जवळजवळ अडीच फूट मागून मारताना हात तसाच सुटतो का, की खांद्यातून ढकलावं लागतं, हे बघतो. म्हणून फ्री थ्रोची टक्केवारीही विचारतात. तिथे अंगावर कोणी नसतं, हाताचं खरं-खोटं तिथे कळतं.

नागपाड्यात आम्ही सिमेंटवर अनवाणी खेळायचो. एक चाचा रोज संध्याकाळी कठड्यावर बसायचे, चहा प्यायचे, काही बोलायचे नाहीत. निवडीच्या दिवशी पंधरा जणांतून आठ नावं घेतली. मी विचारलं, माझं का नाही. म्हणाले, तू पास दिल्यावर उभा राहतोस. बस. चाळीस वर्षं झाली, अजून भाजी आणायला गेलो तरी पिशवी दिल्यावर उभा राहत नाही.

फ्रीमाँटकर (नाट्यविभाग), बुधवार, दुपारी १:१०

खजिनदारांना: पावती ट्रायपॉडच्या पायांची आहे. वरचं फिरणारं हेड नाट्यविभागाने तिकिटांच्या पैशातून वेगळं घेतलं. म्हणजे पाय मंडळाचे, डोकं आमचं. पाय हवे असतील तर खुशाल न्या.

सॅन रामोनकर (खजिनदार), बुधवार, दुपारी १:२५

हेडची पावती कुठे आहे?

पालो आल्टोकर, बुधवार, दुपारी ३:००

सनीवेलकर, डिव्हिजन थ्रीवर का समाधान मानता? जेरेमी लिन आमच्या गावचा. पालो आल्टो हायला २००६ मध्ये राज्यविजेतेपद मिळवून दिलं, तरी एकाही डिव्हिजन वन कॉलेजने स्कॉलरशिप दिली नाही. समोर रस्ता ओलांडला की स्टॅनफर्ड, त्यांनीही नाही. हार्वर्डला गेला आणि शेवटी एनबीए. थेट डिव्हिजन वनच्या कोचना लिहा. त्यांना दहावी संपल्यावर १५ जूनपासून मुलांशी बोलता येतं, तुमचा तर अकरावीत आहे.

डब्लिनकर, बुधवार, दुपारी ३:४०

पालो आल्टोकर काका, कोचला बोलता येतं याचा अर्थ तो बोलेलच असं नाही. शाळेत खेळणाऱ्या मुलांपैकी साधारण शंभरात एक डिव्हिजन वनला पोचतो. त्यात आता ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. बावीस वर्षांचा, अंगाने भरलेला, तीन वर्षं कॉलेज खेळलेला विंग तयार मिळत असेल, तर सतरा वर्षांच्या मुलाला वाढवत कोण बसणार? आणि लिन गार्ड होता, बॉल त्याच्याच हातात असायचा. विंगला बॉल कोणीतरी द्यावा लागतो.

तुम्हाला उदाहरणच हवं असेल तर डंकन रॉबिन्सन घ्या. विल्यम्स या डिव्हिजन थ्री कॉलेजात एक वर्ष, मग मिशिगन, मग मायामी हीट. सहा-सात, विंग, शूटर. पण अशी माणसं बोटावर मोजण्याइतकी, त्यामुळे त्यावर हिशेब बसवू नका.

पालो आल्टोकर, बुधवार, दुपारी ३:५५

आयव्हीत, म्हणजे हार्वर्डसारख्या कॉलेजांच्या लीगमध्ये, तरी स्कॉलरशिप असेल ना?

डब्लिनकर, बुधवार, दुपारी ४:००

खेळाची नाही. आयव्हीतही नाही, डिव्हिजन थ्रीतही नाही. जी मदत मिळते ती उत्पन्न आणि अभ्यास बघून. कोच फार तर ॲडमिशन ऑफिसकडे शब्द टाकतो.

क्युपर्टिनोकर, बुधवार, संध्याकाळी ६:१५

म्हणजे स्कॉलरशिप नाही, एनबीए नाही. मग त्या वेळात पोराने कॅल्क्युलस केलं तर काय बिघडेल? प्रामाणिकपणे विचारतोय.

मिलपिटासकर, बुधवार, संध्याकाळी ६:४०

एमआयटीचा संघ २०१२ मध्ये डिव्हिजन थ्रीच्या शेवटच्या चारांत होता. त्यांचं कॅल्क्युलस कच्चं होतं असं ऐकिवात नाही.

क्युपर्टिनोकर, बुधवार, संध्याकाळी ६:५५

आणि कॅलटेक? त्यांचा संघ आपल्या लीगमध्ये ओळीने ३१० सामने हरला होता.

मिलपिटासकर, बुधवार, संध्याकाळी ७:०५

आणि २०११ मध्ये एका गुणाने जिंकला, ४६-४५. तो सामना मी पाहिला असता तर रडलो असतो.

सनीवेलकर, बुधवार, रात्री ९:१०

मिलपिटासकर अण्णा, हात मोजले. सहा फूट साडेआठ. उंची बुटाशिवाय सहा-चार आणि थोडं वर, तुमचं खरं निघालं. मोजताना पोरगं टाचा उचलत होतं, आजीने गुडघ्यावर टपली मारली.

रेषेचंही सांगतो. सप्टेंबरात ड्राइव्हवेवर बास्केटच्या मध्याखालून २२ फूट पावणेदोन इंचांची सुतळी ताणून मी खडूने कमान काढली. खडू दोन दिवसांत पुसला, तेव्हा आजीने त्यावर रांगोळी टाकली. रोज सकाळी टाकते, वर मधे दोन ठिपके आणि एक कमळ. पोराला सांगून ठेवलंय, कमळावर पाय पडला तर बास्केट मोजायचं नाही. परवाच्या पावसात सगळं वाहून गेलं तर शाळेतून आल्यावर त्याने स्वतः सुतळी शोधली. क्युपर्टिनोकर, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. कॅल्क्युलसही चालू आहे.

ट्रायपॉडचं मात्र अजून कळलेलं नाही. नुसते पाय घेऊन काय करू?

मिलपिटासकर, बुधवार, रात्री ९:३०

उंचीपेक्षा चार इंच जास्त हात. कोचला हा आकडा पहिल्या ओळीत लिहा. आणि उंची खरी लिहा. ज्याने एका इंचाचं खोटं सांगितलं, त्याची टक्केवारी कोण खरी मानणार?

डब्लिनकर, बुधवार, रात्री ९:४५

शिवाय त्याची जर्सी कोणत्या रंगाची आणि नंबर काय हे मेलमध्ये लिहा. हे विसरलेले आईबाबा मी पाहिलेत. कोच अर्धा तास भलत्याच मुलाला बघत बसतो.

फ्रीमाँटकर (नाट्यविभाग), गुरुवार, सकाळी ६:५०

हेडची पावती सापडली, खजिनदारांना फोटो पाठवला आहे.

रांगोळीचं वाचलं. नटाचं काम त्याचं वाक्य नसताना बघावं, हे मी वीस वर्षं कोकलून सांगतोय. आमचे नट आपलं वाक्य झालं की खांबासारखे उभे राहतात. खेळातही तेच बघतात हे ठाऊक नव्हतं.

तालीम साडेसातऐवजी पाचला घेतो. पण हेड मी दुसऱ्याच्या हातात देत नाही, दिवाळीतली कडी कोणी काढली हे सगळ्यांना माहीत आहे. मी स्वतः येऊन वरच्या पायरीवर उभा राहीन आणि दहाही पात्रं फ्रेममध्ये ठेवीन. दोन अटी. एक, शनिवारी सकाळी नऊला मुलाने हॉलवर यावं, पडद्याचे हुक शिडीशिवाय लावणारा माणूस आमच्याकडे नाही. दोन, सनीवेलकरांनी माझ्या शेजारी बसू नये.

सनीवेलकरीण, गुरुवार, सकाळी ७:२०

काका, खूप खूप आभार. निळी जर्सी, नंबर २३. पार्किंग जिमच्या मागच्या बाजूला आहे, पुढचं सात वाजताच भरतं. ह्यांना मी समोरच्या गॅलरीत, पाहुण्या संघाच्या लोकांत बसवते.

सॅन रामोनकर (खजिनदार), गुरुवार, सकाळी ७:४५

अनामत फक्त पायांची घेईन, दहा डॉलर. तिळगुळाची नऊ कुटुंबं बाकी.