संसदेनं केलेला कायदा सुप्रीम कोर्ट रद्द कसं काय करू शकतं?

निशिगंध:
कायदे करतात ते आपण निवडून दिलेले खासदार, आणि कोर्टातल्या जजेसना तर कुणी मत दिलेलं नसतं, तरी दोन-पाच जण बसून कायदा उडवू शकतात. मग लोकशाहीत शेवटचा शब्द कुणाचा? आणि सरकारने परत तसाच कायदा केला तर? सोप्या भाषेत सांगा प्लीज.

काळाकोट:
शेवटचा शब्द संविधानाचा. कलम १३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की मूलभूत हक्कांना बाधा आणणारा कायदा तेवढ्यापुरता बाद, आता तो बाद आहे की नाही हे कुणीतरी ठरवायला लागणारच ना, ते काम हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाचं. आयटी ॲक्टचं ६६अ आठवतंय का, सोशल मीडियावर काही लिहिलं म्हणून लोकांना अटक व्हायची, २०१५ ला श्रेया सिंघल केसमध्ये ते कलम गेलं पण बाकी ॲक्ट राहिला. कायदा शहाणपणाचा आहे की नाही हे कोर्टाने बघायचं नसतं, संविधानात बसतो का एवढंच.
परत कायदा करता येतो, पण ज्या दोषामुळे तो पडला तो दोष काढून. नुसतं 'कोर्टाचा निकाल आम्हाला मान्य नाही' असा कायदा टिकत नाही.

सरळरेघ:
आणि संविधानच बदललं तर? त्यावरच तर १९७३ ला केशवानंद भारती केस झाली, १३ जज बसले होते आणि निकाल ७ विरुद्ध ६. म्हणजे संसद घटनादुरुस्ती करू शकते पण संविधानाच्या मूलभूत चौकटीला, म्हणजे त्याच्या गाभ्याला, धक्का लावू शकत नाही, हे एका मताच्या फरकाने ठरलं. मला तो निकाल पटतो, पण त्याच चौकटीच्या आधारे २०१५ ला जजेसच्या नेमणुकीचा आयोग रद्द केला ते अजिबात पटत नाही. ९९वी घटनादुरुस्ती होती ती, संसदेने केलेली, निम्म्याहून जास्त राज्यांनी मान्य केलेली, आणि जजेसनी जजेस निवडायची कॉलेजियम पद्धत परत आली. स्वतःच्याच अधिकाराचा प्रश्न असताना कोर्टाने जरा हात आखडता घ्यायला हवा होता.

काळाकोट:
@सरळरेघ कॉलेजियममध्ये पारदर्शकता नाही हे मान्यच, त्या केसमध्ये न्या. चेलमेश्वर यांनी बाकीच्या जजेसच्या विरोधात मत दिलं तेही याच मुद्द्यावर. पण सरकार हाच कोर्टातला सगळ्यात मोठा पक्षकार, त्याच्या हातात नेमणुका द्यायच्या हे मला धोक्याचं वाटतं.

आभाळमाया:
दोघंही अधिकारांबद्दल बोलताय पण कोर्टाने ते वापरलेच नाहीत तर काय होतं तेही सांगा ना. १९७६, आणीबाणी, एडीएम जबलपूर केस. विनाचौकशी आत टाकलेल्या लोकांना कोर्टात दादच मागता येणार नाही असं चार जजेसनी म्हटलं, एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात गेले, आणि पुढे त्यांना डावलून ज्युनिअर जजला सरन्यायाधीश केलं म्हणून त्यांनी राजीनामा दिला. तो निकाल चुकीचा होता असं खुद्द सुप्रीम कोर्टाने म्हणायला २०१७ उजाडलं, प्रायव्हसीच्या केसमध्ये. निशिगंध, मला कायदा रद्द झाल्यापेक्षा कोर्ट गप्प बसलं की जास्त भीती वाटते.

निशिगंध:
खूप आभार सगळ्यांचे. मग हक्कावर गदा आली तर साधा माणूस थेट सुप्रीम कोर्टात जाऊ शकतो का, की आधी खालच्या कोर्टात जायचं?

काळाकोट:
कलम ३२ खाली थेट जाता येतं, तो स्वतःच एक मूलभूत हक्क आहे. पण बऱ्याचदा कोर्टच सांगतं आधी हायकोर्टात जा, तिथे कलम २२६ आहे आणि ते ३२ पेक्षा रुंद आहे, मूलभूत हक्क सोडून इतर कायदेशीर हक्कांसाठीही चालतं. सुरुवात तिथूनच करावी.