फिशिंग रॉडला मराठीत ‘गळ’ म्हणायचं का?

सागरवेडा: मामेभावाचं रत्नागिरीत मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे, नवख्या गिऱ्हाइकासाठी रॉड आणि रीळ कसं निवडायचं ते पानभर मराठीत लिहून देतोय. रॉडला ‘गळ’ लिहिलं तर एक गिऱ्हाईक म्हणालं गळ म्हणजे खालचा आकडा, काठी नव्हे. आणि स्पिनिंग-बेटकास्टिंग, पॉवर-ॲक्शन यांचं काय करू?

मालवणी_गरवणारा: बरोबर बोलला तो. गळ काय नि गरी काय, आकडाच. आमच्याकडे ‘गरवूक जातंय’ म्हणतात, मग हातात काठी असो नसो. आजोबा नुसता तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, बोटाला गुंडाळून खडपावर बसायचे.

शुद्धलेखक: ‘गळकाठी’ आणि ‘दोरचक्री’ लिहा की! मराठीत शब्द घडवता येतात, सगळं इंग्रजीच कशाला घुसडायचं?

खाडीकाठचा: दोरचक्री मागितली तर दुकानदार पतंगवाल्याकडे पाठवेल 😀 रॉड आणि रीळ अख्खं कोकण बोलतं, ते राहू दे. रिळाचं म्हणाल तर आम्ही खालचं आणि वरचं म्हणतो. स्पिनिंगचं काठीखाली लटकतं, फेकताना त्याचा स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळलेला भाग, फिरत नाही, दोरा नुसता वेटोळ्यांनी सुटतो, म्हणून हलकं आमिषसुद्धा लांब जातं आणि नवीन माणसाला तेच बरं. बेटकास्टिंगचं वर बसतं, त्याचा स्पूल स्वतः फिरतो, अंगठ्याने आवरला नाही तर असा गुंता होतो की संध्याकाळ सोडवण्यात जाते.

शुद्धलेखक: गुंत्याला तरी मराठी शब्द ठेवलात, आभार.

ठाणेकर_मी: माझ्या मते गरी हा गळीचाच अपभ्रंश, ळ चा र झाला. गळ गळ्यात अडकतो म्हणून गळ.

मालवणी_गरवणारा: अडकतो बहुतेक जबड्यात हो, गळ्यात कुठे.

खाडीकाठचा: पॉवर-ॲक्शनला एकच शब्द लावू नका हां. पॉवर म्हणजे काठी किती वजन पेलते, ॲक्शन म्हणजे वाकते कुठून. फास्ट असेल तर फक्त शेंडा वाकतो, स्लो असेल तर पार बुडापर्यंत. गिऱ्हाइकाला ‘शेंड्यात वाकणारी’ सांगितलं की लगेच कळतं, बांबू सगळ्यांनी पाहिलेला असतो.

सागरवेडा: शेंड्यात वाकणारी, मस्त. आणि टेलिस्कोपिक?

ठाणेकर_मी: घडीची काठी?

मालवणी_गरवणारा: घडी कुठे होते तिची, एकात एक सरकते ती. एसटीतून न्यायला बरी, पण मोठा मासा लागला की जोडात दगा देते. त्यापेक्षा दोन तुकड्यांची सात-आठ फुटी घ्या.

शुद्धलेखक: ‘सरकाठी’!

खाडीकाठचा: सरकाठी म्हटली की मला शाळेतले सर आठवतात.

ठाणेकर_मी: ते असूदे, तांबोशीला कोलंबी जिवंत लावता का मेलेली चालते? माझी आकड्यावर टिकतच नाही.

मालवणी_गरवणारा: जिवंतच. शेपटीकडून टोचा, डोक्यातल्या काळ्या ठिपक्यातून टोचलीत तर लगेच मरते.