शाळेतल्या शिस्तीच्या नोंदी वंशानुसार तपासायच्या आहेत, मदत हवी आहे

मुलीच्या न्यू जर्सीतल्या सरकारी मिडल स्कूलच्या इक्विटी समितीवर मी पालक प्रतिनिधी आहे. मुख्याध्यापिकांनी आम्हाला मुहम्मद खलिफा यांचं 'कल्चरली रिस्पॉन्सिव्ह स्कूल लीडरशिप' (२०१८) वाचायला दिलं. शाळाप्रमुखांनी स्वतःच्याच शाळेतली विषमता तपासावी, हा त्यातला आग्रह मला मनापासून पटला.

सस्पेन्शनचे आकडे सिव्हिल राइट्स डेटा कलेक्शनमध्ये (अमेरिकी शिक्षण खातं शाळांकडून गोळा करतं ती माहिती) मिळाले. पण खरी गोम मुलांना ऑफिसात पाठवताना लिहितात त्या चिठ्ठ्यांत आहे. नावं झाकून काही पाहिल्या. एकीवर 'बाकावर कोरलं', दुसरीवर नुसतंच 'उद्धटपणा'. रसेल स्कीबा आणि सहकाऱ्यांना २००२ च्या अभ्यासात हाच फरक दिसला होता: गोऱ्या मुलांवर तोडफोड, धूम्रपान असे नेमके ठपके; कृष्णवर्णीय मुलांवर 'अनादर', 'फार आवाज' असे, बघणाऱ्याच्या मतावर ठरणारे.

अडचण अशी, की आमच्याकडे कृष्णवर्णीय मुलं जेमतेम तीसेक आहेत. तक्ता केला की मूल लगेच ओळखू येतं, आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवायला लावणाऱ्या फेर्पा कायद्यामुळे ते चालणार नाही. बाहेरचा सल्लागार परवडत नाही.

इथे कुणी शिक्षक किंवा संशोधक असाल तर सांगा: इतक्या कमी संख्येत कारणांची वर्गवारी कशी करावी, आणि किती वर्षांच्या चिठ्ठ्या एकत्र घ्याव्यात?