पत्र्याच्या शेडला परमिशन लागते का? आणि इन्शुरन्स नक्की कुठला काढू?

भोसरीचा_फॅब्रिकेटर
नमस्कार मंडळी. भोसरीत छोटं वर्कशॉप आहे, 11 वर्षं ग्रिल, गेट, जिने, टेरेसवरच्या शेड असलीच कामं केली. आता पहिल्यांदा मोठं काम आलंय, मरकळ रोडला 8,000 स्क्वेअर फुटाची पीईबी शेड (कारखान्यात बनवून जागेवर नटबोल्टनं जोडायची लोखंडी शेड). एमआयडीसीचा प्लॉट नाही, खाजगी जागा आहे. मालक म्हणतो ग्रामपंचायतीचं पत्र आहे, नटबोल्टच्या शेडला कसली आलीय परमिशन, उद्या खोलून नेता येते, तू फाउंडेशन मार आणि पावसाच्या आधी पत्रा टाकून दे. इन्शुरन्सचं काढलं तर म्हणे ते तुझं तू बघ. माझी 6 माणसं आणि बाहेरची इरेक्शन गँग (जागेवर लोखंड उभं करणारी) 8 जणांची. ॲडव्हान्स अजून घेतला नाही. घेऊ का?

चाकण_साइटवाला
थांब दादा, घेऊ नको एवढ्यात.
मरकळ पीएमआरडीएत, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात येतं. तिथं बांधकाम परवानगी पीएमआरडीए देतं, ग्रामपंचायतीचं पत्र त्याला चालत नाही. एमआयडीसीत असता तर एमआयडीसीच प्लॅनिंग ऑथॉरिटी, तिकडं वेगळा अर्ज. आणि ते नटबोल्टचं लॉजिक सगळेच मालक सांगतात, पण एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राच्या नगररचना कायद्यात विटांचं की लोखंडाचं असं काही नाहीये, जागेवर बांधकाम केलं की ते डेव्हलपमेंट. आता तुझ्या कामाचं ऐक. त्याच कायद्याचं कलम 52 विनापरवाना काम करणाऱ्याला धरतं, मग तो स्वतःसाठी करत असो की दुसऱ्याच्या सांगण्यावरून. म्हणजे मालकाबरोबर तू पण आत. कमीत कमी एक महिना, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि वर दंड. दंडाची रक्कम किरकोळ आहे, 2,000 ते 5,000, पण पोलीस स्टेशनच्या चकरा किरकोळ नसतात.
मालकाला म्हणावं आर्किटेक्ट गाठ, अर्ज ऑनलाइन टाक, कमेन्समेंट सर्टिफिकेटची (काम सुरू करायच्या परवानगीची) कॉपी मला दे, मगच खड्डा. जागा एनए (बिगरशेती) आहे का ते सातबाऱ्यावरून आधीच बघ, नसेल तर काय करायचं ते आर्किटेक्टला विचारायला सांग. सर्टिफिकेट एक वर्ष चालतं, पुढं वाढवून मिळतं, त्यामुळं "पावसाच्या आधीच पाहिजे" ही घाई त्याची आहे, तुझी नाही.

पत्रा_नंबर_वन
ते ग्रामपंचायतीचं पत्र फ्रेम करून ऑफिसात लावायला सांगा 😄 2025 च्या फेब्रुवारीत चिखली कुदळवाडीत जेसीबी फिरले तेव्हा हजारो शेड गेल्या, त्या पण पत्र्याच्याच होत्या.

विमावाले_काका
पोरा, परमिशनचं वरच्यांनी सांगितलं, मी माझ्या धंद्याचं सांगतो. तुला दोन वेगळ्या पॉलिस्या लागतात आणि लोक त्यांची कायम खिचडी करतात.
माणसांसाठी डब्ल्यूसी, म्हणजे कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी. माणूस गेला तर हिशेब असा, महिन्याचा निम्मा पगार गुणिले वयाचा फॅक्टर. पगार 15,000 धर, वय 30, फॅक्टर 207.98. झाले 15 लाख 59 हजार 850. हे एका माणसाचं. आणि गँग बाहेरची आहे, तिचा ठेकेदार बघेल असं मनात आणू नको, इरेक्शनचा ठेका तू घेतलायस, तूच तो पुढं दिलास, तर भरपाई तुझ्याकडं मागता येते, नंतर तू ठेकेदाराकडून वसूल करत बस. म्हणून त्या 8 जणांना पण कव्हरमध्ये घे, सब-कॉन्ट्रॅक्टरची माणसं म्हणून वेगळं लिहून घे. प्रीमियम वाचवायला पगार कमी दाखवू नको आणि काम "वर्कशॉप फॅब्रिकेशन" असं लिहू नको. माणूस 8 मीटरवरून पडला आणि कागदावर वर्कशॉप असेल तर क्लेमला तिथंच फाटा फुटतो. दवाखान्याचा खर्च ॲड-ऑन असतो, तो मागून घे.
मालासाठी आणि उभ्या होणाऱ्या स्ट्रक्चरसाठी इरेक्शन ऑल रिस्क पॉलिसी. सम इन्शुअर्ड (विम्याची रक्कम) पूर्ण कामाच्या किमतीची ठेव, मालकानं दिलेला माल धरून. अर्ध्या किमतीची काढलीस तर क्लेम पण त्याच प्रमाणात कापतात. थर्ड पार्टी, म्हणजे बाहेरच्या माणसाच्या नुकसानीचं कव्हर, त्यातच जोडून मिळते, ती सोडू नको. किवळ्याचं होर्डिंग आठवतंय ना, एप्रिल 2023, वादळी पाऊस, खाली आडोशाला थांबलेली 5 माणसं गेली. शेजारच्या रस्त्यावर कोण उभं असेल सांगता येत नाही.

लोखंडवाला_रांजणगाव
काकांचं ऐक. आमच्याकडं मे मध्ये चार फ्रेम उभ्या केल्या, ब्रेसिंग (फ्रेम हलू नयेत म्हणून लावायचे तिरके आधार) उद्या लावू म्हणून माणसं जेवायला गेली, चारच्या वळवाच्या वाऱ्यात चारही पत्त्यांसारख्या आडव्या. नशीब खाली कोणी नव्हतं. पॉलिसी नव्हती, राफ्टर (छताच्या तुळया) वाकले ते घरातून भरले, बायकोची एफडी मोडली, अजून बोलते.
तेव्हापासून नियम एकच, पहिल्या दोन फ्रेम ब्रेसिंग ओढून घट्ट झाल्याशिवाय तिसरी हायड्राला (क्रेनला) लावायची नाही. ड्रॉइंगवर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घे आणि विंड स्पीड बघ, आयएस 875 या भारतीय मानकात पुण्याला 39 मीटर प्रति सेकंद आहे, दुसऱ्या गावाचं रेडिमेड ड्रॉइंग चिकटवलेलं असतं कधी कधी. आणि उजेडाच्या पॉली शीटवर कोणाला पाय ठेवू देऊ नको, पत्रा टाकताना माणसं तिथूनच जातात खाली. लाइफलाइन (सेफ्टी बेल्ट अडकवायचा दोर) आधी, पत्रा नंतर.

चाकण_साइटवाला
एक राहिलं, 14 माणसं म्हणजे 10 च्या वर, कामगार कायद्याखाली नोंदणी लागेल. बांधकाम खर्चावरचा 1 टक्का कामगार सेस परमिशनच्या वेळी मालकाकडून घेतात, तुझ्या रेटमध्ये घुसवू देऊ नको.

भोसरीचा_फॅब्रिकेटर
सगळ्यांचे आभार, काका तुमचे विशेष. काल मालकाला कलम 52 वाचून दाखवलं, आधी तापला, दुसरा फॅब्रिकेटर बघतो म्हणाला, संध्याकाळी परत फोन, आर्किटेक्टचा नंबर मागितला. आता इरेक्शनच्या पॉलिसीचा प्रीमियम कोण भरणार यावर अडलंय.

विमावाले_काका
पॉलिसी दोघांच्या नावानं काढ, मालक आणि तू. प्रीमियम कोटेशनमध्ये वेगळी ओळ करून दाखव, "जनरल खर्च" मध्ये लपवू नको, लपवलं की मालक पहिली काट तिथंच मारतो.