भिवंडी १९८४ मध्ये जळाली आणि १९९२ मध्ये शांत राहिली, असे का? शहरांतील दंगलींच्या कारणांविषयी प्रश्न

पाचपाखाडीची_वाचक

नमस्कार. मी ठाण्यात राहते. गेल्या महिन्यात घराचे रंगकाम चालू असताना मुख्य दाराच्या चौकटीवरचा जुना रंग खरवडला, तेव्हा लांबी भरून बुजवलेली चार भोके दिसली. आईला विचारले. ती म्हणाली, जानेवारी १९९३ मध्ये बाबांनी एका रात्रीत दारावरची पाटी उतरवली होती. एकट्या आमचीच नव्हे, तर मजल्यावरच्या चारही घरांच्या पाट्या त्या रात्री उतरल्या, कारण समोरच्या चाचांनी एकट्यांनी पाटी काढली असती तर बिनपाटीचे दार कोणाचे हे सांगायला कोणाची गरज उरली नसती. आमच्या मजल्यावर काही झाले नाही. तरीही पुढच्या वर्षी चाचांनी घर विकले आणि ते मुंब्र्याला गेले.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचते आहे, आणि दोनच प्रकारची उत्तरे पुन्हा पुन्हा समोर येतात. एक, दोन समाजांत जुने वैर आहे आणि ते अधूनमधून उफाळून येते. दोन, सामान्य माणसे गुण्यागोविंदाने नांदत असतात आणि पुढारी त्यांना भडकवतात. आपल्याच जिल्ह्यातल्या भिवंडीला ही दोन्ही उत्तरे लावून पाहिली तर पुरत नाहीत. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल सुरू झाली आणि एकट्या भिवंडीत ७८ माणसे मारली गेली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. मे १९८४ मध्ये भिवंडी, ठाणे आणि मुंबई मिळून अडीचशेहून अधिक बळी गेले. त्याच भिवंडीत, तीच वस्ती आणि तेच यंत्रमाग असताना, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये, शेजारची मुंबई पेटलेली असूनही, दंगल झाली नाही. वैर कारण म्हणावे तर ते आठ वर्षांत नाहीसे झाले का? पुढारी कारण म्हणावे तर ते १९९२ मध्ये कुठे गेले होते?

माझा प्रश्न असा आहे, की दंगलीचे निमित्त आणि दंगलीचे कारण यांत फरक कसा करावा? आणि हे सारे धर्मापुरतेच आहे का, की शहर म्हटले की दंगल येतेच?

उथळसरचे_मास्तर

ताई, चार पाट्यांची हकीकत वाचून थोडा वेळ काही लिहवले नाही. मी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

आधी शब्दाविषयी. हिंदीत दंगल म्हणजे कुस्तीचा फड. मराठीत मात्र तो जमावाच्या हिंसेचा शब्द झाला आहे. कायद्याच्या भाषेत पाच किंवा अधिक माणसांच्या बेकायदेशीर जमावाने बळाचा वापर केला की तो दंगा होतो. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या कलम १४६ मध्ये होते, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १९१ मध्ये आहे. या व्याख्येत धर्माचा उल्लेख नाही, आणि मुंबईचा इतिहास पाहिला तर तो नसणेच योग्य वाटते.

जून १८३२ मध्ये मुंबईत दंगल झाली ती भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी हुकमावरून. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. दुकाने बंद झाली, लोक रस्त्यावर आले आणि सैन्य बोलवावे लागले. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात जुलाहा विणकरांची दंगल झाली, कारण प्लेगच्या तपासणी पथकाने एका आजारी मुलीला घरातून इस्पितळात न्यायचा प्रयत्न केला. रोगाइतकीच भीती त्या पथकाची होती. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला आणि सैन्याच्या गोळ्या झेलल्या. या तिन्ही घटनांत समोर दुसरा धर्म नव्हता, सरकार होते.

हिंदू-मुस्लिम दंगलींपैकी ऑगस्ट १८९३ ची दंगल मला सर्वांत बोलकी वाटते. तिचे मूळ मुंबईत नव्हतेच. त्या जुलैत सौराष्ट्रातल्या प्रभासपाटणला मोहरमच्या वेळी मारामारी झाली होती, आणि उत्तरेत गोरक्षणावरून वातावरण तापलेले होते. ती बातमी छापून आली, सभा झाल्या, वर्गण्या गोळा झाल्या, आणि ११ ऑगस्टला शुक्रवारच्या नमाजानंतर जामा मशिदीजवळच्या हनुमान मंदिराच्या गल्लीत दंगा सुरू होऊन दोन दिवसांत गिरणगावापर्यंत पसरला. ऐंशीच्या आसपास माणसे गेली. शेकडो मैलांवरचे भांडण वर्तमानपत्र आणि आगगाडी यांच्या जोरावर एका गल्लीत येऊन पोहोचू शकते, हे त्या वर्षी मुंबईने पाहिले. त्याच सुमारास सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, हे आपल्याला ठाऊक आहेच. पुढे कित्येक दशके मिरवणुकीत मशिदीपुढे वाजणारी वाद्ये हा वादाचा ठरलेला मुद्दा झाला.

दुसरे उदाहरण फेब्रुवारी १९२९ चे. शहरात अशी अफवा पसरली, की पठाण लहान मुले पळवून नेतात आणि बडोद्याकडच्या एका पुलाच्या पायात त्यांचा बळी दिला जातो. पठाणांवर हल्ले सुरू झाले, आणि पाहता पाहता हिंदू-मुस्लिम दंगल होऊन शंभराहून अधिक माणसे मेली. पण अफवा पठाणांविषयीच का पसरली? त्याआधी शिवडीच्या तेल कंपन्यांतला संप मोडण्यासाठी पठाण कामावर आणले गेले होते, आणि गिरणगावात घरोघरी व्याजाचे पैसे वसूल करणारे सावकारही पठाणच होते. कामगारांचा राग खरा होता आणि त्याची कारणे आर्थिक होती. अफवेने त्या रागाला एक चेहरा दिला, आणि दंगलीने तो सगळ्या मुसलमानांवर नेला. निमित्त आणि कारण यांतला फरक मी विद्यार्थ्यांना याच उदाहरणावरून समजावीत असे.

शहर म्हटले की दंगल येतेच, हे मात्र मला मान्य नाही. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी १९५० ते १९९५ या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा हिंदू-मुस्लिम दंगलींतील जवळजवळ निम्मे मृत्यू अवघ्या आठ शहरांत झाल्याचे आढळले. खेड्यांतील मृत्यू चार टक्क्यांहून कमी होते. त्या आठांत मुंबई आहे, अहमदाबाद आहे, अलीगढ आहे. तितकीच मिश्र वस्ती असलेले केरळातले कालिकत त्यांत नाही. त्यांचे म्हणणे असे, की जिथे व्यापारी संघटना, कामगार संघटना, वाचनालये, पक्ष यांत दोन्ही समाजांची माणसे एकत्र काम करतात तिथे निमित्त घडले तरी ते गल्लीतच विझते. नुसते शेजारी राहणे पुरत नाही.

कौसा_कोकणी

मास्तरांच्या शेवटच्या वाक्यावरच लिहितो. आम्ही कोकणी मुसलमान. मुंब्र्याजवळच्या कौशात आमच्या पिढ्या गेल्या आहेत आणि आमच्या आजीच्या तोंडी शेवटपर्यंत कोकणी-मराठीच होती. १९९३ नंतर डोळ्यांसमोर आमचे गाव बदलले. जोगेश्वरी, भायखळा, घाटकोपर, कुठून कुठून माणसे ट्रकमध्ये भांडी आणि गाद्या टाकून आली. आमच्या वाडीत एक शिंपी आला, त्याचे शिवणयंत्र अर्धे जळलेले होते. लाकडी पाट काळा झालेला, पण चाक फिरत होते. पुढची कित्येक वर्षे त्याने त्याच पाटावर कपडे शिवले. ताई, तुमचे चाचाही त्याच काळात आले असावेत.

मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात ९०० मृत्यूंची नोंद आहे, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. कारणनिहाय आकडेही त्यात आहेत: पोलिसांच्या गोळीबारात ३५६, भोसकून ३४७, जाळपोळीत ९१, जमावाच्या मारहाणीत ८०. हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले आहेत. भोसकणे म्हणजे हातभर अंतरावरून, चेहरा पाहून. आयोगाने डिसेंबरची हिंसा आणि जानेवारीची हिंसा यांत फरक केला आहे. डिसेंबरचा उद्रेक बाबरी मशीद पाडल्यानंतरच्या संतापातून झाला असे म्हटले आहे, तर जानेवारीतील संघटित हल्ल्यांसाठी शिवसेनेच्या नेतृत्वावर ठपका ठेवला आहे. पोलिसांच्या पक्षपाताविषयीही त्यात स्पष्ट लिहिले आहे.

मला जे म्हणायचे आहे ते दंगलीनंतरचे. दंगल संपते तेव्हा माणसे आपापल्या धर्माच्या वस्तीत जातात, आणि मग शाळा, दवाखाना, किराणा, सगळेच वेगळे होते. माझ्या मुलाच्या वर्गात एकही हिंदू मुलगा नव्हता. माझ्या वर्गात निम्मे होते. एका दंगलीने केलेली ही विभागणी पुढच्या दंगलीचे कारण होऊ शकते, कारण पुढच्या वेळी अफवा आली तर ती खोटी आहे हे सांगायला पलीकडे ओळखीचे कोणी नसते.

कोपरखैरणे_सेक्टर

थोडा वेगळा मुद्दा. मास्तरांनी कायद्याची व्याख्या दिली ती बरोबर आहे, पण तिच्या आडून काय होते तेही पाहावे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई आणि नवघर येथे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच जण हुतात्मे झाले. माझे आजोबा त्या गर्दीत होते आणि त्यांना आयुष्यभर एकाच शब्दाचा राग होता: दंगलखोर. ज्या साडेबारा टक्के योजनेतून आज आमच्या लोकांना भूखंड मिळाले, ती याच आंदोलनातून आली. म्हणून प्रत्येक जमावाला एकाच मापाने मोजू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अफवेबद्दल मात्र मास्तरांशी पूर्ण सहमत. मराठा आरक्षणासाठीच्या २५ जुलै २०१८ च्या बंदमध्ये कोपरखैरणे आणि कळंबोलीत हिंसा झाली आणि आमच्याकडे इंटरनेट बंद करावे लागले. त्याच महिन्यात, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. म्हणजे १९२९ ची तीच अफवा, फक्त ती आता फोनवरून येते.

निवृत्त_हवालदार_ठाणे_ग्रामीण

माझी नोकरीची काही वर्षे भिवंडीत गेली, म्हणून ताईंच्या मूळ प्रश्नाला उत्तर देतो.

१९८४ नंतर भिवंडीत बंदोबस्त वाढवला गेला, पण बंदोबस्ताने लोक पोलिसांना अधिकच घाबरू लागले होते. १९८८ मध्ये सुरेश खोपडे साहेब पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. शांतता कमिटी आधीही असायची, पण तिच्यात पुढारी आणि व्यापारी बसायचे, आणि बैठक दंगल झाल्यावर व्हायची. मोहल्ला कमिटीत त्या गल्लीत राहणारी दोन्ही समाजांची साधी माणसे घेतली: माग चालवणारा, चहावाला, शिक्षिका, रिक्षावाला. तिची जबाबदारी वरच्या साहेबावर नव्हती, त्या भागात फिरणाऱ्या हवालदारावर होती. बैठकीत बहुतेक वेळा दंगलीचा विषयच नसायचा. नळाला पाणी नाही, मागाचा आवाज रात्री बंद करा, अमक्याचा मुलगा दारू पिऊन दगड मारतो, असे विषय असायचे. आम्ही कंटाळून जायचो. पण त्या कंटाळ्यातून ओळख झाली.

एक प्रसंग सांगतो. एका मिरवणुकीत गुलाल उडून मशिदीच्या भिंतीवर पडला. पूर्वी एवढ्यावर दगड आले असते. त्या दिवशी कमिटीतले एक यंत्रमागवाले मुस्लिम गृहस्थ आणि मंडळाचा एक कार्यकर्ता, दोघे बादली आणि झाडू घेऊन आले आणि मिरवणूक पुढे सरकायच्या आत भिंत धुऊन मोकळे झाले. मी फक्त उभा होतो. ते दोघे एकमेकांना नावाने ओळखत होते, कारण वर्षभर पाण्याच्या नळावरून माझ्यासमोर भांडले होते.

डिसेंबर १९९२ मध्ये मुंबईचा धूर आम्हाला बातम्यांत दिसत होता आणि आमच्या कमिट्या रात्ररात्र जागत होत्या. अफवा आली की कमिटीचा माणूस पलीकडच्या मोहल्ल्यातल्या माणसाकडे जाऊन स्वतः खात्री करायचा. वैर संपले होते असे मी म्हणणार नाही, आणि पेटवणारेही होतेच, पण त्यांची बातमी आम्हाला त्यांच्याच गल्लीतून आधी मिळायची. मुंबईतही पुढे १९९४ पासून अशा कमिट्या सुरू झाल्या.

ही व्यवस्था कायमची टिकते असे मात्र समजू नये. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून भिवंडीत हिंसा झाली आणि दोन पोलीस मारले गेले. ती बातमी ऐकून मी घरी ताटावरून उठलो होतो. साहेब बदलले, हवालदार बदलले, की बैठका नुसत्या वहीत उरतात. हे माझे मत आहे, पण अनुभवातून आलेले आहे.

पाचपाखाडीची_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. हवालदार काका, बादली आणि झाडूचा प्रसंग मी आईला वाचून दाखवला. कौशाच्या दादांना वेगळा संदेश पाठवला आहे. चाचांचा पत्ता लागतो का ते पाहू.

मास्तर, एकच विचारायचे राहिले. मादन आयोगाने काय आणि श्रीकृष्ण आयोगाने काय, एवढे सविस्तर लिहून ठेवले, तर त्यावर कारवाई करणे सरकारला बंधनकारक नसते का?

उथळसरचे_मास्तर

नसते. असे आयोग १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली नेमले जातात, आणि त्यांचे निष्कर्ष म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. विधिमंडळासमोर अहवाल ठेवणे आणि सोबत कोणती कारवाई केली ते सांगणे, एवढेच सरकारचे बंधन आहे. श्रीकृष्ण आयोग तर जानेवारी १९९६ मध्ये गुंडाळलाही गेला होता, तो त्याच वर्षी मे महिन्यात पुन्हा सुरू झाला. फेब्रुवारी १९९८ मध्ये न्यायमूर्तींनी अहवाल दिला, ऑगस्टमध्ये तो सभागृहात आला, आणि तत्कालीन सरकारने त्याचे मुख्य निष्कर्ष फेटाळले. म्हणून तुम्ही वाचायला घ्याल तेव्हा आयोगाचा अहवाल आणि सरकारचा कारवाई अहवाल शेजारी शेजारी उघडे ठेवा, आणि एकेक शिफारस घेऊन तिच्यापुढे काय लिहिले आहे ते पाहत जा.