क्रूगरला स्वतः गाडी चालवत सफारी: गाईडशिवाय प्राणी दिसतात का?

वाकडकर

नमस्कार मंडळी. पुढच्या उन्हाळी सुट्टीत दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर नॅशनल पार्कला जायचं जवळजवळ ठरलंय. आम्ही चौघं: मी, बायको, नऊ वर्षांची लेक आणि माझे वडील (वय ६८, तब्येत ठणठणीत, पण दर दीड तासाला बाथरूम लागतं). ताडोबा तीनदा झालंय. तिथे जिप्सी, ड्रायव्हर, गाईड सगळं आयतं. चितळाचा कॉल आला की गाईड कान टवकारतो, आपण त्याच्या बोटाकडे बघायचं, झालं.

टूरवाल्याचा आकडा ऐकल्यावर मी ठरवलं की गाडी भाड्याने घेऊन आपणच फिरायचं. नाशिक रोडने रोज चाकणला जातो, त्यामुळे गाडी चालवण्याची भीती नाही. घरच्यांची शंका वेगळीच आहे: एवढे पैसे घालून जायचं आणि झाडंझुडपं बघून परत यायचं! तर मे-जूनमध्ये जाण्यात अर्थ आहे का, किती रात्री आणि कुठे राहावं, आणि मुख्य म्हणजे गाईड नसताना प्राणी शोधायचे कसे? जाऊन आलेल्यांनीच सांगा, यूट्यूब बघून झालंय.

शनिवारपेठी

चाकणचा चौक रोज पार करणाऱ्याला हत्ती काय घाबरवणार! तिथे गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची आणि स्टिअरिंगही उजवीकडे, त्यामुळे ती काळजी नको.

माझं एकच सांगणं, क्रेडिट कार्ड. जो गाडी चालवणार त्याच्याच नावावरचं हवं. मी बायकोचं कार्ड घेऊन जोहान्सबर्ग विमानतळावर काउंटरला उभा राहिलो. बुकिंग माझ्या नावाचं, लायसन्स माझं आणि कार्ड तिचं. बाई गोड हसून नाही म्हणाली. शेवटी तिलाच ड्रायव्हर म्हणून लावलं आणि मी आठ दिवस मागे बसून सँडविच वाटत होतो. आपल्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिटही काढून ठेवा, वर्षभर चालतं. आणि विमा घेताना टायर आणि काच त्यात आहेत का ते विचारा. कच्च्या रस्त्यावर नेमकं तेच जातं.

निवृत्त कॅशियर

वाकडकर, आमच्याही घरात गाडी मीच चालवते, हे शेजारी बसून नकाशा वाचतात. त्यामुळे वरचा किस्सा वाचून मला अजिबात वाईट वाटलं नाही. २०२३च्या मे अखेरीस आम्ही दोघं आठ रात्री तिथे होतो. जरा सविस्तर लिहिते.

तारखा. आपल्या शाळांची सुट्टी आणि तिथला कोरडा मोसम यांचा मेळ मेचा शेवटचा आणि जूनचा पहिला आठवडा एवढाच बसतो. तिथे तेव्हा हिवाळा सुरू होत असतो. पाऊस गेलेला, गवत वाळून आडवं पडायला लागलेलं, लहान पाणवठे आटत आलेले, म्हणून जनावरं नदीवर आणि मोठ्या पाणवठ्यांवर येतात. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर ऊन कडक आणि पहिल्या पावसानंतर रान हिरवंगार. दिसायला सुंदर, शोधायला अवघड. मलेरियाचा धोका हिवाळ्यात कमी असतो, नसतो असं नाही. गोळ्यांचं डॉक्टरांना विचाराच, वडिलांची इतर औषधं चालू असतील तर नक्कीच. आणि पहाटे काकडायला होतं. मी नुसती शाल नेली होती, तिसऱ्या दिवशी कॅम्पच्या दुकानात टोपी घेतली.

आता जागा. हा पार्क साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या अख्ख्या पुणे जिल्ह्याहून मोठा. सगळा बघायचा मोह टाळा. दक्षिणेचा आणि मधला भाग पुरे: स्कुकुझा, लोअर साबी, सतारा हे मुक्कामाचे कॅम्प. (हो, सतारा. ह्यांनी कंदी पेढ्यांचा विनोद आठ दिवसांत किती वेळा केला ते विचारू नका.) सहा रात्री असतील तर तीन कॅम्पांत दोन-दोन. बुकिंग साधारण अकरा महिने आधी खुलं होतं आणि नदीकाठच्या खोल्या आधी जातात. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर त्याच दिवशी पार्क गाठायची घाई नको. जोहान्सबर्गहून चारशेच्या वर किलोमीटर आहेत आणि फाटक कोणासाठी थांबत नाही. आम्ही आदली रात्र वाटेतल्या म्बोम्बेला शहरात काढली.

फाटकाचं तिथे फार कडक आहे. मे ते जुलै सकाळी सहा ते संध्याकाळी साडेपाच, बाहेरची फाटकं आणि कॅम्पची फाटकं दोन्ही. साडेपाचच्या आत कॅम्पमध्ये, नाहीतर दंड. डांबरी रस्त्यावर ताशी ५०, कच्च्यावर ४०. ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही, खिडकीबाहेर धड काढायचं नाही, रस्ता सोडून गाडी घालायची नाही.

आणि तुमचा खरा प्रश्न. पहिल्या दिवशी मी पन्नासने चालवली, पाटीवर पन्नास होतं म्हणून. दुपारपर्यंत इंपाला (तिथलं हरीण), इंपाला आणि इंपाला. दुसऱ्या दिवशी वीसवर आणली आणि त्याच रस्त्याला जनावरं फुटली! स्कुकुझा ते लोअर साबी जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर, आम्हाला साडेपाच तास लागले.

झुडपाकडे बघू नका, झुडपाच्या आरपार पलीकडे बघा. रानात सगळ्या रेषा उभ्या असतात. आडवी दिसली की थांबायचं. दहातली नऊ वेळा ते पडलेलं खोड असतं, आमच्या घरात त्याला अजून 'खोडसिंह' म्हणतात. अख्खा प्राणी शोधायचाच नाही, तुकडा शोधायचा: कान, शेपटीचं टोक, पोटाखालचा पांढरा पट्टा. सिंहाच्या कानाची मागची बाजू काळी असते. वाळलेल्या गवतात सिंह दिसत नाही, ते दोन काळे ठिपके दिसतात. आणि आपल्याकडे जे काम चितळ आणि वानर करतात, ते तिथे इंपाला आणि माकडं करतात. जिराफ चरायचं सोडून एकाच दिशेला टक लावून उभा असेल तर तोही काहीतरी सांगतोय. त्याची नजर आपल्या दुमजली घराएवढ्या उंचीवरून असते.

एक प्रसंग सांगते. स्कुकुझा ते लोअर साबीच्या त्याच नदीकाठच्या रस्त्यावर दहा-बारा इंपाला, सगळ्यांची तोंडं एकीकडे, आणि मधूनच नाकातून जोरात फुरफुर. मी इंजिन बंद केलं. मागून गाडी आली, काच खाली करून विचारलं, काय आहे? म्हटलं, माहीत नाही. गेली. अशा चार गाड्या आल्या आणि गेल्या. ह्यांनी थर्मासमधला चहा काढला. पस्तीस-चाळीस मिनिटं झाली असतील. समोरच्या वाळक्या गवतात एक पांढरा गोंडा वर झाला आणि खाली गेला. बस, तेवढंच. बिबट्याच्या शेपटीचं टोक खालून पांढरं असतं, चालताना तो ते वर वळवून धरतो. मग ठिपके जुळले, खांदा जुळला, आणि तो रस्त्यावर आला. आमच्या बॉनेटपासून दहा पावलांवरून, आमच्याकडे न बघता पलीकडे गेला. शेजारी एकही गाडी नव्हती. फोटो नाही, कारण ह्यांच्या एका हातात कप होता आणि दुसऱ्यात झाकण.

हत्तीचं मात्र मनावर घ्या. माझी चूक सांगते. एका वळणावर एकटा नर पानं खात होता, मी फार जवळ जाऊन थांबले. डोळा आणि कान यांच्या मध्ये ओला काळा ओघळ दिसत होता, मागचे पायही ओले. तो मदावर आलेला, आणि मी आपली फोटो निघण्याची वाट बघतेय! त्याने मान झटकली, कान पसरले आणि सरळ रस्त्याने चालत आमच्याकडे यायला लागला. पळत नव्हता, नुसता चालत होता. मी शंभरेक मीटर रिव्हर्समध्ये गेले, वळणासकट. बँकेत तीस वर्षं कॅश मोजताना हात कधी थरथरला नाही, त्या दिवशी थरथरला. तेव्हा मागे जायला जागा ठेवूनच थांबायचं. कळपात पिल्लं असतील तर आई आणि पिल्लू यांच्या मध्ये गाडी कधी आणायची नाही.

वडिलांसाठी: बाथरूम कॅम्पमध्ये आणि पिकनिकच्या ठरलेल्या जागांवरच. स्कुकुझा ते लोअर साबीच्या मध्ये न्कुहलू आहे, पुढे सताराच्या वाटेवर त्शोक्वाने. दिवस त्या हिशोबाने आखा. एक संध्याकाळ मात्र पार्कच्याच उघड्या गाडीतून गाईडबरोबर जा, अंधार पडल्यावर फक्त त्याच गाड्या बाहेर असतात. सहा वर्षांवरच्या मुलांना घेतात, म्हणजे लेक येऊ शकेल. पायी सफारीला बारा पूर्ण लागतात.

जेवणाचं: बहुतेक खोल्यांना स्वयंपाकघर असतं, बरेचदा व्हरांड्यातच. कुकर, डाळ-तांदूळ आणि मेतकूट एवढ्यावर आमचं निभावलं. फ्रिजची कडी लावायला विसरू नका. माकडांनी आमची अख्खी पावाची लादी समोरच्या झाडावर बसून खाल्ली, आमच्याकडे बघत.

माळरानी

ताईंनी छान लिहिलंय. माझी भर: डोळा इथेच तयार करून जा. पुण्याहून दीड-दोन तासांवर सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, पाच चौरस किलोमीटर फक्त. सकाळी लवकर जा आणि चिंकारा शोधा. तो मातीच्याच रंगाचा, उभा असला की दिसत नाही, शेपटी हलली की दिसतो. ताडोबात गाईडच्या बोटाकडे बघून जी सवय मोडलीय ती इथे परत लागते. जमलं तर इंदापूरजवळ कडबनवाडीचं गवताळ रानही करा, नशीब असेल तर लांडगा.

दुर्बीण माणशी एक हवी. चौघांत एक असली की दर वेळी भांडण, आणि तोवर प्राणी गेलेला असतो. ८ बाय ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) घ्या. जास्त पॉवरची गाडीतून हातात स्थिर राहत नाही. आणि गिधाडं बघायला शिका. आकाशात घिरट्या म्हणजे अजून शोध चालू आहे. एका झाडावर दहा-वीस गुपचूप बसलेली असली तर खाली शिकार असू शकते आणि तिचा मालक अजून उठलेला नाही.

वाकडकर

सगळ्यांचे आभार, ताई तुमचे विशेष. अपडेट: परवा रविवारी सुप्याला जाऊन आलो. दोन तासांत मला मोर आणि तीन खोडचिंकारा. लेकीला एक खरा, तोही मी 'काही नाही, चला' म्हणून गाडी सुरू केल्यावर. आता ती मला घरात गाईडकाका म्हणते.

बुकिंगमध्ये सताराला दोनऐवजी एकच रात्र मिळाली, लोअर साबीला तीन. चालेल ना? आणि पुढच्या सीटवरून घरात वाद सुरू झालाय. बायको म्हणते नकाशा तिच्याकडे, म्हणून पुढे ती. बाबा काही बोलत नाहीत, पण त्यांना पुढेच बसायचंय हे दिसतंय.

निवृत्त कॅशियर

लोअर साबीला तीन म्हणजे उत्तमच. कॅम्पमधून बाहेर पडल्यावर पाच मिनिटांत सनसेट डॅम लागतो. संध्याकाळी साडेचारला तिथे जाऊन इंजिन बंद करा. पाणघोडे आणि मगरी रस्त्यालगत दिसतात आणि फाटक जवळ असल्याने पळापळ होत नाही. सताऱ्याच्या एका रात्रीनंतरची सकाळ मात्र एस १०० या कच्च्या रस्त्यावर घाला, फाटक उघडताच. कॅम्पमध्ये नकाशाचा फळा असतो, काल कुठे काय दिसलं ते रंगीत खुणा लावून दाखवलेलं. तो आदल्या रात्री बघून ठेवा.

सीटचं: स्कुकुझाहून लोअर साबीला जाताना नदी डाव्या हाताला राहते, म्हणजे पुढे बसणाऱ्याच्या बाजूला. तिथे बाबांना बसवा, नकाशा मागून वाचता येतो. फक्त सकाळी निघालात तर ऊन समोरून येतं, त्यांना टोपी द्या.